घरी परतली ती कोण, आणि गेली ती कोण?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: तुम्ही एका लघुपटाची पटकथा लिहिताय. असाध्य आजार झालेली एक बाई स्वतःचा क्लोन करून घेते, आपल्या सगळ्या आठवणी त्यात उतरवते आणि घरच्यांना न सांगता त्याला आपल्या जागी पाठवते. शेवटी ती एकटी मरते. मसुदा वाचणाऱ्यांनी विचारलं, "तीच बाई घरी गेली ना, मग दुःख कशाचं?" आणि विज्ञान शिकवणाऱ्या एका ओळखीच्यांनी सांगितलं की क्लोनमध्ये आठवणी येतच नाहीत, म्हणजे गोष्टीचा पायाच कच्चा. आता विज्ञान दुरुस्त करावं की शेवट बदलावा, असं तुम्ही विचारताय.

माझ्या मते दोन्हींची गरज नाही. दुसऱ्यांच्या पटकथा वाचणं आणि लेखकासोबत बसून त्यांवर काम करणं हाच माझा बरीच वर्षं व्यवसाय आहे. क्लोन, यंत्रमानव, नक्कल झालेला माणूस असे विषय असलेल्या मसुद्यांत एक अडचण हटकून दिसते. नक्कल मूळ माणसासारखी आहे का, या प्रश्नावर लेखक सगळी ताकद खर्च करतो. पडद्यावर तो प्रश्न फार टिकत नाही. प्रेक्षकाला दोन्हीकडे एकच नट दिसतो आणि तो मनातल्या मनात म्हणतो, आहे की सारखा. टिकणारा प्रश्न असा असतो: दोघांपैकी प्रत्येकाकडे असं काय आहे जे दुसऱ्याकडे नाही, आणि एकजण मेल्यावर नेमकं काय नाहीसं होणार? तुमच्या गोष्टीत बाईकडचं सगळंच्या सगळं क्लोनकडे गेलंय. मग कोणी गेल्यासारखं वाटणार कसं? वाचणाऱ्यांनी बरोबर जागी बोट ठेवलंय.

पुढे लिहिते त्यातलं सगळं तुम्हाला लागू पडेलच असं नाही. लघुपट दहा मिनिटांचा आहे की चाळीस, गोष्ट मरणाऱ्या बाईच्या नजरेतून चालते, क्लोनच्या की घरातल्या मुलाच्या, आणि क्लोनला आपण क्लोन आहोत हे ठाऊक आहे का, यावर बरंच ठरतं. तुम्ही पाठवलेल्या प्रसंगावरून गोष्ट बाईच्या नजरेतून आहे असं मी धरून चालते. आणखी एक, उदाहरणं देताना काही चित्रपटांचे शेवट उघड होणार आहेत.

आधी विज्ञान. तुमच्या ओळखीच्यांचं म्हणणं खरं आहे. एडिंबराजवळच्या रोझलिन इन्स्टिट्यूटमध्ये ५ जुलै १९९६ रोजी जन्मलेली डॉली ही मेंढी म्हणजे प्रौढ प्राण्याच्या पेशीपासून क्लोन केलेला पहिला सस्तन प्राणी. सहा वर्षांच्या एका मेंढीच्या स्तनग्रंथीतली पेशी घेतली, दुसऱ्या मेंढीच्या अंड्यातलं केंद्रक काढलं, विजेच्या झटक्यानं दोन्ही एकत्र आणली आणि वाढलेला भ्रूण तिसऱ्याच मेंढीच्या गर्भाशयात ठेवला. अशी २७७ अंडी तयार केली होती. त्यांतले २९ भ्रूण रोपणापर्यंत पोहोचले आणि जिवंत कोकरू जन्मलं एकच. कोकरूच जन्मलं, सहा वर्षांची मेंढी बाहेर आली नाही. क्लोन म्हणजे उशिरा जन्मलेलं जुळं भावंड. त्याला स्वतःचं बालपण काढावं लागतं आणि मूळ प्राण्यानं आयुष्यात काय पाहिलं याचा मागमूसही त्याच्यात नसतो.

दिसण्याचीसुद्धा हमी नसते. डिसेंबर २००१ मध्ये टेक्सासमध्ये 'सीसी' नावाची पहिली क्लोन मांजर जन्मली. जिच्या पेशीपासून ती केली ती 'रेनबो' तिरंगी होती, तर सीसीच्या अंगावर नारिंगी रंगाचा एक ठिपकाही नव्हता. मादीच्या पेशीत दोन एक्स गुणसूत्रांपैकी एक बंद असतं आणि मांजरीत नारिंगी रंगाचं जनुक त्याच गुणसूत्रावर बसलेलं असतं. जनुकं तीच, पण कुठलं गुणसूत्र चालू आणि कुठलं बंद यावर अंगावरची नक्षी ठरते. घरातल्या लाडक्या प्राण्याचा क्लोन करून 'तोच' परत आणू म्हणणाऱ्यांनी या दोघींचे फोटो शेजारी शेजारी ठेवून बघावेत.

चित्रपटांना हे ठाऊक नसतं असं मात्र नाही. १९७८ सालच्या 'द बॉइज फ्रॉम ब्राझील'मध्ये हिटलरचे ९४ क्लोन केले जातात. हे मुलगे निरनिराळ्या घरांत दत्तक दिलेले आहेत आणि त्यांच्या वडिलांना वयाच्या पासष्टीच्या सुमारास ठार करायचा बेत आहे, कारण हिटलरचा बाप पासष्टाव्या वर्षी वारला होता. डॉलीच्या अठरा वर्षं आधीच्या या चित्रपटाचं कथानकच मुळी जनुकं पुरेशी नाहीत या गोष्टीवर उभं आहे. माणूस पुन्हा घडवायचा तर त्याच्या वाट्याला आलेलं दुःखसुद्धा पुन्हा घडवावं लागेल, असा तो हिशेब आहे. शास्त्रीय सत्य गोष्टीच्या आड येत नाही, कित्येकदा तेच गोष्ट पुरवतं, हे मला या चित्रपटामुळे नीट समजलं.

मग आठवणींचं काय? 'द सिक्स्थ डे' (२०००) असो की 'स्वान साँग' (२०२१), अशा सगळ्या गोष्टी क्लोनिंगच्या जोडीला एक कल्पित यंत्र आणतात, जे मेंदूतल्या आठवणी उतरवून घेतं. असं यंत्र नाही. पण एक अशक्य गोष्ट प्रेक्षक आनंदानं मान्य करतो, दुसरीला कुरकुरतो आणि तिसरीला तुमच्यावरचा विश्वास उडतो. तुमची एकच आहे. तेव्हा ती दोन वाक्यांत मांडा आणि पुढे चला. पाठवलेल्या प्रसंगात डॉक्टर दोन पानं प्रक्रिया समजावून सांगतो, ती जवळजवळ सगळी काढता येतील. आणि 'स्वान साँग' अजून पाहिला नसेल तर आधी तो पाहा. आजारी माणूस घरच्यांना न सांगता आपल्या जागी क्लोन पाठवतो, हीच त्याची कल्पना आहे. कल्पना कोणाच्या मालकीची नसते, पण ज्या वाटेनं एकजण गेलाय ती माहीत असली की आपली वाट वेगळी काढता येते.

विज्ञानाचा आणखी एकच मुद्दा. क्लोन लवकर मरतो असा एक समज आहे आणि लेखक तो बिनदिक्कत वापरतात. डॉली १४ फेब्रुवारी २००३ रोजी, साडेसहा वर्षांची असताना गेली, तेव्हा 'ती जन्मतःच म्हातारी होती' अशी चर्चा झाली. प्रत्यक्षात तिला फुप्फुसाचा असा रोग झाला होता जो मेंढ्यांमध्ये विषाणूमुळे होतो. पुढे डॉली ज्या पेशींपासून केली होती त्याच पेशींच्या साठ्यातून आणखी चार मेंढ्या क्लोन केल्या गेल्या, त्या म्हाताऱ्या झाल्या तरी तब्येतीनं चांगल्या असल्याचं २०१६ मध्ये प्रसिद्ध झालं. चित्रपटातलं कमी आयुष्य निसर्गातून येत नाही, ते कोणीतरी ठरवून दिलेलं असतं. 'ब्लेड रनर'मधल्या कृत्रिम माणसांना चार वर्षं, 'मून'मधल्या सॅमला तीन वर्षांचा करार. मुदत घालणारा एक मालक असतो आणि त्या मुदतीत त्याचा फायदा असतो. तुमच्या गोष्टीत क्लोनला मुदत घालणार असाल तर ती कोणी घातली हे तुम्हाला माहीत हवं.

आता मूळ अडचणीकडे येऊ. गेलं कोण?

तत्त्वज्ञ डेरेक पारफिट यांनी १९८४ च्या आपल्या पुस्तकात एक प्रसंग कल्पिला आहे. एक यंत्र तुमची पेशी न् पेशी टिपून घेतं आणि मंगळावर हुबेहूब तुम्ही तयार करतं, पण इथले तुम्हीही शिल्लक राहता आणि थोड्या दिवसांत मरणार असता. पारफिट यांचं स्वतःचं म्हणणं असं की 'तो मीच का' या प्रश्नाला आपण देतो तेवढं महत्त्व द्यायचं कारण नाही. मनाचा धागा पुढे चालू राहिला की झालं. त्यांचा युक्तिवाद भक्कम आहे. पण इथे खोलीत बसून मरणाची वाट बघणाऱ्या माणसाला त्यातून किती दिलासा मिळतो? चित्रपटाची जागा त्या खोलीत आहे.

'द प्रेस्टिज'मधला जादूगार रोज रात्री प्रयोगात स्वतःची नक्कल काढतो. एकजण टाळ्या घ्यायला पुढे येतो, दुसरा रंगमंचाखालच्या पाण्याच्या टाकीत बुडून मरतो. यंत्रात पाऊल टाकताना आपण टाकीत असू की टाळ्या घ्यायला असू हे त्याला रोज माहीत नसतं, आणि तो तसं बोलूनही दाखवतो. आठवणी एकसारख्या, शरीर एकसारखं. तरीही टाकीतला माणूस बुडताना बाहेरच्याचं काही बिघडत नाही. तो श्वास एकट्या आतल्याचाच कोंडतो. नक्कल झाल्या क्षणापासून दोन माणसं आहेत, आणि मरण त्यांच्यात वाटून घेता येत नाही. हे एकदा पटलं की तुमची पटकथा कुठून दुरुस्त करायची ते दिसायला लागतं.

या विषयावर मी लेखकांना सगळ्यात जास्त वेळा दाखवते तो चित्रपट म्हणजे डंकन जोन्सचा 'मून' (२००९). चंद्रावरच्या खाणीत सॅम बेल एकटा काम करतोय, करार संपत आलाय, घरी बायको आणि लहानगी मुलगी वाट बघतेय. अपघात होतो. तळावर एक सॅम शुद्धीवर येतो, बाहेर जाऊन बघतो तर मोडलेल्या गाडीत दुसरा सॅम. दोघंही क्लोन. दोघांना आठवतं ते बायकोचं प्रेम तिसऱ्याचं आहे. पटकथा म्हणून बघण्यासारखं हे की पहिला सॅम तीन वर्षांत झिजलेला, आजारी, मवाळ आहे आणि दुसरा तापट, ताजा. एकाच माणसाच्या आयुष्यातली तीन वर्षं आडवी कापून दोन पात्रं केली आहेत. त्यांच्यातला फरक कोणी तोंडानं सांगत नाही. तीन वर्षांच्या एकटेपणानं तो घडलेला असतो.

आणि मग तो फोन. आजारी सॅम गाडी घेऊन संपर्क अडवणाऱ्या मनोऱ्यांच्या पलीकडे जातो आणि घरी व्हिडिओ कॉल लावतो. समोर पंधरा वर्षांची मुलगी. तीच ती लहानगी. आई काही वर्षांपूर्वी गेली, असं तिच्याकडून कळतं. ती आत वळून बाबांना हाक मारते आणि पलीकडच्या खोलीतून आवाज येतो, स्वतः सॅमचाच. सॅम कॉल तोडतो. मग गाडीत बसून काळ्या आकाशातल्या पृथ्वीकडे बघत एवढंच म्हणतो की आता घरी जायचंय. या प्रसंगात कोणी 'मी कोण आहे' असं विचारत नाही. तो ज्या घराची आठवण काढतोय तिथे तो कधीच नव्हता हे त्याला कळलंय, आणि तरीही ओढ खरी आहे. ती ओढ आणि ती तीन वर्षं एवढंच त्याचं स्वतःचं. तो मरतो तेव्हा जातं ते हेच, आणि चंद्रावरचा दुसरा सॅम किंवा पृथ्वीवरचा मूळ सॅम, कोणीही ते भरून काढू शकत नाही.

तुमच्या बाईकडे असं स्वतःचं काय असू शकेल? माझं उत्तर: आठवणी उतरवून घेतल्यानंतरचे दिवस. तुमच्या मसुद्यात यंत्र चालतं, क्लोन उठतो, घरी जातो आणि पुढच्या प्रसंगात बाई मरते. मधला काळ एका ओळीत उडवलाय. गोष्ट तिथेच आहे. आठवणींची नोंद एका ठरावीक दिवशी घेतली गेली. त्यानंतर बाई जगली. पंधरा दिवस म्हणा, दोन महिने म्हणा. या दिवसांत तिला जे दिसलं, सुचलं, ज्याचा पश्चात्ताप झाला, ज्याला तिनं मनातून माफ केलं, ते क्लोनकडे नाही. कोणाकडेच नाही. समजा, आयुष्यभर ज्या बहिणीशी अबोला धरला तिच्याबद्दलचा राग या दिवसांत निवळला. घरी गेलेल्या क्लोनच्या मनात तो राग अजून तसाच धगधगतोय आणि बहीण भेटायला आली तर ती दार लावून घेणार आहे. आता ती बाई मेली की काय गेलं हे कोणाला समजावून सांगावं लागणार नाही.

पाठवलेल्या प्रसंगात त्या दुसरीच्या संवादांवर तुम्ही सगळीकडे 'क्लोन' लिहिलंय. तिला एखादं नाव द्या, मग ते पडद्यावर उच्चारलं गेलं नाही तरी चालेल. पात्राला नाव नसलं की लेखक त्याच्यासाठी स्वतंत्र कृती लिहीतच नाही, मूळ पात्राची छाया म्हणून ते वावरत राहतं. नाव दिल्यावर पहिल्याच बैठकीत ती काहीतरी वेगळं करायला लागते, असा माझा अनुभव आहे. तिला घरी गेल्यावर असं एक काहीतरी सापडू दे जे बाईला कधी माहीत नव्हतं. मग तुमच्याकडे दोन बाजूंनी वाढत जाणारं अंतर असेल.

आठवणींबद्दल एक सावधगिरी. आठवण खरी असणं आणि ती आपली असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 'ब्लेड रनर २०४९' मधल्या नायकाला लाकडी घोड्याची आठवण असते. ती खोटी नाही हे कळल्यावर तो हादरतो, कारण त्यावरून आपण जन्मलेला माणूस असू असं त्याला वाटायला लागतं. शेवटी कळतं की आठवण खरीच, फक्त दुसऱ्या कोणाची. १९८२ च्या मूळ चित्रपटात रेचेल आपल्या आईसोबतचा फोटो पुरावा म्हणून घेऊन येते आणि तिच्या आठवणी तिला बनवणाऱ्याच्या पुतणीच्या निघतात. फोटो, घोडा, अशी हातात धरता येणारी वस्तू ठेवली की आठवणीबद्दलचा प्रसंग भाषणात घसरत नाही.

आणि त्या आठवणी कोणी पुरवल्या? तार्कोव्हस्कीच्या 'सोलारिस'मध्ये (१९७२) ग्रहाभोवतालच्या अंतराळस्थानकावर नायकाची मेलेली बायको हारी परत येते. ती घडलीय नायकाच्या स्मृतीतून. तिचा पोशाख उतरवायला जातात तर पाठीवरच्या नाड्या नुसत्या दिखाऊ निघतात. पोशाख उघडायची सोयच नाही, शेवटी कात्रीनं कापावा लागतो. त्याला पोशाख आठवत होता, तो उघडतो कसा हे आठवत नव्हतं. दुसऱ्याच्या आठवणीतून घडलेल्या माणसात किती पोकळ्या असतील हे त्या कात्रीच्या एका कापात कळतं. आणि पुढे हीच हारी दुखायला लागते, स्वतःबद्दल विचारायला लागते, शेवटी स्वतःच्या मर्जीनं नाहीशी व्हायचं ठरवते. मूळ बायकोशी तिचं साम्य किती, हा प्रश्न तोवर मागे पडलेला असतो. तुमच्या बाईनं आठवणी स्वतः दिल्यात, त्यामुळे तिथे पोकळ्या वेगळ्या असतील. तिनं एखादी लाजिरवाणी आठवण मुद्दाम वगळली असेल का? मी तुमच्या जागी असते तर हा धागा नक्की ओढून बघितला असता.

घरच्यांना खरं कळावं की नाही, हेही तुम्ही विचारलंय. हे पूर्णपणे नजरेवर अवलंबून आहे. गोष्ट बाईची असेल तर कळू नये, कारण फसवणुकीचं ओझं तिनं एकटीनं वाहायचं आहे. गोष्ट मुलाची असती तर मी उलट सांगितलं असतं. पण कळलं म्हणून शेवटी पळापळ आणि सुटका नको. 'द आयलंड' (२००५) अवयवांसाठी वाढवलेल्या क्लोनना पळवतो, आणि ते पळायला लागले की त्यांच्याबद्दलचा प्रश्न संपतो, उरतो तो पाठलाग. 'नेव्हर लेट मी गो' (२०१०) तीच परिस्थिती घेतो आणि कोणालाच पळू देत नाही. अनेक प्रेक्षक चिडतात, पळत का नाहीत म्हणून. त्यातली रूथ आपली मूळ व्यक्ती असावी अशा बाईला बघायला समुद्राकाठच्या गावात जाते, कार्यालयाच्या काचेतून तिला न्याहाळते, आणि ती आपल्यासारखी नाही हे दिसल्यावर कोसळते. ही मुलं थोडी मुदतवाढ मागतात. आपल्यातलं कोण याहून जास्त काही मागतो? त्यांचं आयुष्य लहान आहे, पण मरण आपल्यासारखंच ठरलेलं आहे, आणि म्हणून मला तो चित्रपट क्लोनबद्दल वाटतच नाही.

कामाला बसताना सुरुवात शेवटापासून करा. नोंद घेतल्याच्या दिवसापासून बाईच्या मृत्यूपर्यंतचा काळ वेगळा लिहून काढा, आत्ता पटकथा म्हणून नको, तिची रोजनिशी म्हणून. त्यातून दोन गोष्टी निवडा, एक मोठी आणि एक अगदी क्षुल्लक, खिडकीतून दिसलेलं काहीतरी. मग क्लोनच्या घरच्या प्रसंगांत बरोबर त्याच दोन जागा मोकळ्या सोडा. दोघी एकमेकींसमोर येतात तो प्रसंग सध्या यंत्र चालल्यानंतर लगेच आहे, तो या काळाच्या शेवटी सरकवून बघा. तेव्हा त्या दोघींना एकमेकींना सांगण्यासारखं काहीतरी असेल, आणि बाईनं ते सांगायचं की सोबत न्यायचं हा निर्णय तिच्या हातात येईल. दोघी एका चौकटीत कमीत कमी वेळा दाखवा, त्यानं खर्च वाचतो आणि जेव्हा दाखवाल तेव्हा त्याला वजन येतं. हा प्रसंग नव्यानं लिहून झाला की तेवढाच पाठवा, सगळा मसुदा आत्ता नको.